रेशन आणि दानधर्म

रेशनचं धान्य घेणं म्हणजे दान स्वीकारणं, ही समजूत चुकीची आहे. दानात देणाऱ्याची मर्जी असते. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने धान्य हक्काचं करून ती मर्जीच काढून घेतली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडल्याची कथा आपण भक्तीने ऐकतो, आणि तिथे धान्य नेणाऱ्यांना कुणी लाचार म्हणत नाही. मग तहसील कार्यालयात रेशन कार्डाचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाईलाच का म्हणावं? फुकट धान्याने माणूस आळशी होतो, हा आक्षेप हिशेबात टिकत नाही. या कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. तेवढ्यावर कोण काम सोडेल? बोगस कार्डं असतात, हे खरं. ती शोधणं शासनाचं काम. पण त्यासाठी रेशन दुकानातल्या यंत्राने अंगठा ओळखला नाही म्हणून म्हातारीला रिकाम्या पिशवीने परत पाठवणं हा अधर्मच आहे.