न्हाव्याची प्रार्थना, आचाऱ्याची प्रार्थना

सभेत मन भरून येतं, डोळे पाणावतात, आणि सोमवार उजाडला की सगळं पुन्हा जिथल्या तिथं. ख्रिस्ती माणसाला हा अनुभव नवा नाही आणि मंडळीलाही तो पहिल्यापासून ठाऊक असावा. म्हणूनच 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करावी, असा साधा नियम घालून दिला आहे. आधी मन उचंबळू दे, मग प्रार्थना कर, असं तिथं कुठं म्हटलेलं नाही.

पण पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला निरंतर प्रार्थना करायला सांगितलं होतं. पोटापाण्याचा उद्योग असलेल्या माणसानं हे करायचं कसं? इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी टोपल्या विणताना ओठांवर स्तोत्र ठेवत. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठासाठी नियमावली लिहिली. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा उपासना, आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पूर्ण. याच नियमावलीत कोठार सांभाळणाऱ्याला एक सूचना आहे: मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकीच जपून वापर. मला ही सूचना फार मोलाची वाटते. उपासना देवळातून कोठारात उतरली ती इथं.

तरीही हे सगळं मठातल्यांसाठी होतं. बाजारपेठेतल्या माणसाकडे वळला तो मार्टिन ल्यूथर. त्याच्या न्हाव्यानं, पीटरनं, प्रार्थना कशी करावी असं विचारलं, तेव्हा 1535 मध्ये ल्यूथरनं त्याच्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली. दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेनं कर. 'थोड्या वेळानं करू, आधी हे एवढं काम उरकतो' या विचारापासून सावध राहा, असं त्यात बजावलं आहे. एकेक आज्ञा घेऊन तिच्यातली शिकवण, तिच्याबद्दल उपकारस्तुती, मग पापकबुली आणि मग मागणं, अशी चार पदरांची रीतही सांगितली आहे. चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर असतं, तो बडबडत राहिला तर गिऱ्हाइकाचं नाक जाईल, हा दाखला पीटरला लगेच पटला असणार.

पुढची हकीकत मात्र क्लेशाची आहे. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास दारूच्या नशेत पीटरच्या हातून जावयाचा खून झाला. ल्यूथरनं रदबदली केली म्हणून देहदंड टळला आणि हद्दपारीवर निभावलं. ज्याच्यासाठी प्रार्थनेची इतकी सुंदर पुस्तिका लिहिली गेली, त्याचीच ही गत. रोजची उपासना म्हणजे ताईत नव्हे, हे यातून कळतं. रीत समजली म्हणून माणूस बदलत नाही. ती वर्षानुवर्षं मुरावी लागते.

हे मुरणं ब्रदर लॉरेन्समध्ये दिसतं. लढाईत जखमी झालेला हा शिपाई 1640 मध्ये पॅरिसच्या कार्मेल मठात दाखल झाला आणि तिथं त्याच्याकडे स्वयंपाकघर आलं. या कामाची त्याला मुळात नावड होती. तरी भांड्यांच्या खडखडाटात, चहूबाजूंनी हाका चालू असतानाही आपण देवाच्या सान्निध्यात असतो, असं तो सांगे. त्याचं नाव आज अनेक जण घेतात, पण त्याआधीची सुमारे दहा वर्षं विसरतात. त्या काळात त्याला मनाची शांती नव्हती, पापांचं भय छळत होतं, मन पुनःपुन्हा भरकटत होतं. आणि तो दरवेळी ते देवाकडे वळवत होता. 'माझं काम हीच माझी प्रार्थना' असं म्हणून ठरलेली वेळ सोडून देणाऱ्यांना लॉरेन्सचा आधार घेता येणार नाही.

आपल्याकडे ही उपासना आपल्या बोलीत आणि आपल्या चालीत आली, हे आपलं भाग्य. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं आणि येशूचं चरित्र ओवीत आलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी भजनं आणि अभंग रचले. ते आजही मराठी मंडळ्यांमधून गाइले जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र पाच वर्षांनी, 1900 मध्ये झाला. पतीच्या धर्मांतरानं त्यांचा संसार मोडला होता. पुढं पुन्हा एकत्र राहताना सोवळं-ओवळं, पाणी, पंगत यांतून त्यांचं मन हळूहळू सुटत गेलं, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. एखाद्या दिव्य दर्शनाच्या कथेपेक्षा मला त्यांची ही वाट अधिक खरी वाटते, कारण ती स्वयंपाकघरातून गेली आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या घरी दिवेलागणीला मुलांना हाक मारून बसवलं जाई. एक स्तोत्र, एक गीत, आजारी शेजाऱ्यासाठी दोन शब्द, प्रभूची प्रार्थना, आणि मग ताटं. लहानग्यांना डुलकी लागे, कुणाचं लक्ष चुलीवरच्या भाकरीकडे असे. तरी प्रार्थना चुकत नसे. आता घरातल्या प्रत्येकाची घरी येण्याची वेळ वेगळी झाली आहे, ही अडचण खरी आहे. पण जेवायला जितके जण एकत्र बसता, तितक्यांनी ताट वाढण्याआधी एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. आज रात्रीपासूनच सुरू करा, आणि मन लागलं नाही तरी उद्या पुन्हा बसा.