देव घरात कुठे असतो?



प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "फादर, देव सगळीकडे आहे ना? मग मिस्साला चर्चमध्येच का यायचे?" आठ-नऊ वर्षांचे मूल विचारते आणि मोठी माणसे हसतात किंवा त्याला गप्प बसवतात. आम्हाला मात्र हा प्रश्न मोलाचा वाटतो. निर्गम ग्रंथाच्या 12व्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगताना मोशे गृहीतच धरतो, की मुले या उपासनेचा अर्थ विचारणार. आईबापांनी काय सांगायचे तेही तो सांगतो: मिसर देशात देवाने आपली घरे कशी राखली, ती हकीकत. उत्तर म्हणून तो व्याख्या देत नाही, घरची गोष्ट देतो.

देव सर्वत्र आहे म्हणजे काय, हे संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकात मांडले. खोलीत हवा भरते तसा देव जागा व्यापत नाही. प्रत्येक वस्तूला अस्तित्व देणारा म्हणून तो तिच्यात असतो. (सेमिनरीत हे पचायला आम्हाला बराच काळ लागला. मुलाला इतकेच पुरे, की देवाने आपल्याला धरून ठेवले आहे म्हणून आपण आहोत.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले, की ख्रिस्त शास्त्रवाचनात, साक्रामेंतांत, धर्मगुरूच्या ठायी आणि प्रार्थनेला जमलेल्या लोकांत उपस्थित असतो, पण विशेषकरून ख्रिस्तप्रसादात. आई लोकलने कामाला गेली तरी तिची माया घरात असतेच. म्हणून संध्याकाळी ती परतल्यावर तिच्या कुशीत जायचे नाही, असे कोणते मूल म्हणेल? उपमा लंगडी आहे, पण मुलांना ती कळते.

खरी चिंता वेगळीच आहे. दूध सांडले, अभ्यास केला नाही, की आपण सहज म्हणतो, "देव बघतोय हं, शिक्षा करील!" असे म्हणून आपण देवाला पोलीस आणि बागुलबुवाच्या रांगेत बसवतो. ज्या मुलाला देव फक्त पहारेकरी म्हणून भेटला, ते सोळाव्या वर्षी अंगात धीटपणा आला की पहिल्यांदा त्या पहाऱ्यातूनच पळते. मग आपण म्हणतो, मुलगा मिस्साला येत नाही. स्तोत्र 139 मध्येही देवाच्या नजरेतून सुटका नाही. पण तिथे तोच देव हात धरून नेतो.

जपमाळेच्या वेळी लहानग्याने गडबड करू नये म्हणून त्याच्या हाती मोबाइल देणारी घरे आम्ही पाहतो. प्रार्थना शांतपणे होते खरी, पण हा सौदा फार महाग आहे. त्यापेक्षा त्याला आल्तारापुढची मेणबत्ती लावू द्या. पाचही दशके त्याला जड जातील. एक म्हणू द्या. कोणासाठी प्रार्थना करायची ते त्यालाच विचारा. शेजारचे आजारी आजोबा येतील, घरचा कुत्राही येईल. येऊ द्या. आणि जपमाळ संपल्यावर थोरामोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची आपली जुनी रीत मोडू नका. डोक्यावरचा तो हात मुलाच्या लक्षात राहतो.

बाळ शमुवेलला परमेश्वराचा आवाज ओळखू आला नव्हता. तो पुन्हा पुन्हा एलीकडेच धावला. एलीची दृष्टी मंदावली होती आणि स्वतःची मुलेही त्याला आवरली नव्हती. तरी हाक कोणाची आहे, हे त्यालाच उमगले, आणि काय उत्तर द्यायचे ते त्याने मुलाला सांगितले. तेव्हा आपले जीवन आदर्श नाही म्हणून कोणत्याही पालकाने मागे राहू नये. तीमथ्याचा विश्वास तर आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे संत पौल लिहितो.

या आठवड्यात मुले घरी ज्यांच्यासाठी प्रार्थना करतील, त्यांची नावे मुलांनीच चिठ्ठीवर लिहून पुढच्या रविवारी मिस्साला आणावीत. अर्पणाच्या वेळी भाकर व द्राक्षारसाबरोबर त्या चिठ्ठ्याही आम्ही वेदीजवळ ठेवू. कुत्र्याचे नाव असले तरी चालेल.