शपथ कोणासमोर?

आपल्या मंडळ्यांत शपथेचे प्रसंग वारंवार येतात. लग्नात वधूवर, दृढीकरणाच्या वेळी तरुण मुलेमुली, पंचायतीवर निवडून आलेले सभासद, सर्वजण देवाला साक्षी ठेवून वचन देतात. दिलेला शब्द मोडू नये असे आपण मुलांना शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु शब्द पाळणे हेच पाप ठरेल अशी वेळ आली तर? ह्या प्रश्नाशी ज्याला प्राणाची किंमत देऊन झगडावे लागले, अशा एका जर्मन सेनाधिकाऱ्याची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

हेनिंग फोन ट्रेस्को ह्याचा जन्म १० जानेवारी १९०१ रोजी माग्देबुर्ग येथे झाला. घराणे प्रशियातील जुने, सरदारांचे व प्रोटेस्टंट. अनेक पिढ्या सैन्यात गेलेल्या. १९१७ साली, सोळाव्या वर्षी, तो राजाच्या पायदळी रक्षक पलटणीत दाखल झाला आणि पुढल्या वर्षी त्याला शौर्यपदक मिळाले. युद्धानंतर काही वर्षे त्याने बँकेच्या धंद्यात काढली व १९२६ मध्ये तो सैन्यात परतला. देशाच्या पराभवाची लाज त्याच्या मनात सलत होती. म्हणून हिटलरच्या उदयाचे त्यानेही प्रथम स्वागतच केले, हे लपविण्याचे कारण नाही.

२ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले. त्याच दिवशी जर्मन सैनिकांकडून नवी शपथ घेण्यात आली. ती राज्यघटनेशी नव्हती, देशाशीही नव्हती. देवाचे नाव घेऊन, एका मनुष्याची, अॅडॉल्फ हिटलरची, बिनशर्त आज्ञा पाळण्याची ती शपथ होती. आपल्या देशात सैनिक घटनेशी निष्ठा वाहतो. हा फरक लहान नाही.

१९४१ साली जर्मनीने रशियावर स्वारी केली. ट्रेस्को मध्य आघाडीच्या मुख्यालयात मोठ्या हुद्द्यावर होता. शत्रुसैन्यातील राजकीय अधिकारी हाती लागताच त्यांना गोळ्या घालाव्या, असा हुकूम आला. सरसेनापतीने त्याला ठाम विरोध करावा म्हणून ट्रेस्कोने गळ घातली. ती निष्फळ ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोरिसोव गावी हजारो यहूदी स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली. ह्यानंतर, देवाच्या नावाने घेतलेली शपथ आपल्याला कोठे नेत आहे, हे त्याला स्पष्ट दिसले.

१३ मार्च १९४३ रोजी हिटलर स्मोलेन्स्कला आला. दारूच्या बाटल्यांचे पुडके म्हणून एक बाँब त्याच्या विमानात पाठविण्यात आला. तो नेणाऱ्या अधिकाऱ्याला आत काय आहे ह्याची कल्पना नव्हती. बाँब फुटला नाही. महिनाही लोटला नव्हता तोच, ११ एप्रिलला, पॉट्सडामच्या लष्करी चर्चमध्ये ट्रेस्कोच्या दोन मुलांचे दृढीकरण झाले. नुकताच एका शपथेविरुद्ध हात उचललेला बाप, आपल्या मुलांना देवासमोर वचन देताना पाहत होता! त्याच्या मनात काय चालले असेल, ह्याची कल्पना कोणत्याही बापाने करून पाहावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शपथेत आपण देवाला साक्षीदार म्हणून बोलावितो. ज्याला साक्षीला बोलाविले त्यालाच गुन्ह्यात भागीदार करिता येत नाही. हेरोदाने पाहुण्यांसमोर घेतलेली शपथ पाळली, आणि त्यापायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर गेले. शास्त्र हेरोदाला वचनाचा पक्का म्हणून गौरवीत नाही. तेव्हा पापाची शपथ देवापुढे बंधनकारक नाही, हे उघड आहे.

पण येथे कोणी म्हणेल, “मग ज्याला संसाराचा कंटाळा आला तोही विवेकाचे नाव सांगून लग्नाचे वचन मोडील.” ही शंका खरी आहे. म्हणून एक कसोटी लावावी. वचन मोडल्याने सुख कोणाला व किंमत कोणाला? हेरोदाने शपथ पाळून स्वतःची अब्रू राखली. किंमत दुसऱ्याने भरली. ट्रेस्कोने शपथ मोडून स्वतःचा प्राण, घर व नाव पणाला लाविले, आणि तेही ज्यांच्याशी त्याचे नाते नव्हते अशा लोकांच्या रक्तासाठी.

तरीही त्याला संत ठरविण्याची घाई नको. त्या विमानात इतर माणसेही होती. आणि २८ जून १९४४ रोजी, बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांत हाती लागलेली दहा ते तेरा वर्षांची मुलेमुली जर्मनीला पाठविण्याच्या हुकुमावर त्याचीच सही आहे. आत राहून दुष्टाचा हात धरावा, तर त्याच हाताची कामेही करावी लागतात. त्याने नोकरी सोडली असती तर सही वाचली असती, पण हिटलरपर्यंत पोहोचण्याची वाटही बंद झाली असती. ह्यातून निष्कलंक बाहेर पडण्याचा मार्ग मला दिसत नाही.

२० जुलै १९४४ चा कट फसला. दुसऱ्या दिवशी ट्रेस्कोने आघाडीवर जाऊन हातबाँबने आपला अंत केला. त्याचा सहकारी श्लाब्रेनडॉर्फ सांगतो की, निरोप घेताना त्याने अब्राहामाची आठवण काढली. दहा नीतिमानांकरिता देव सदोम राखणार होता, तसा आमच्याकरिता जर्मनी राखील, अशी त्याला आशा होती.

बंधुभगिनींनो, सदोमात ते दहाजण मिळाले नाहीत, हे आपण जाणतो. ट्रेस्को त्या दहांत बसतो की नाही, हे ठरविणे आपले काम नव्हे. पण आपल्यापुढेही कधी वरिष्ठांचा हुकूम येईल, कधी खोट्या कागदावर सही मागितली जाईल, आणि “शपथ घेतली आहेस ना?” असे विचारले जाईल. तेव्हा ती कोणासमोर घेतली होती, हे आधी आठवावे. त्याला जे उत्तर देता येईल तेच माणसाला द्यावे. आणि उत्तर देऊनही हात मळले, तर क्षमा मागण्यास लाजू नये.