शेवटचा हात

पुणे-सोलापूर रस्त्याने चौफुला मागे टाकून पाटसकडे निघालं की वरवंड लागतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून इथे येते आणि त्या रात्री गाव झोपत नाही. एरवी गावाचं वर्ष उसात, कालव्याच्या पाळीत, गुऱ्हाळाच्या धुरात आणि संध्याकाळच्या हरिपाठात जातं. या गावातल्या एका तरुणाची आणि एका बुवांची ही गोष्ट.

तरुणाला आवाजाचं वेड होतं. साठवलेल्या पैशांतून त्याने एक ऑडिओ इंटरफेस, दोन माइक आणि बऱ्यापैकी हेडफोन घेतले. वरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. माघ सरत आला होता. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज. तोवर भजनी मंडळाचे निवडक अभंग रेकॉर्ड करून द्यायचे, देवळाच्या भोंग्यावर आणि घरोघरच्या मोबाइलवर ते वाजायला हवेत, असं त्याने मनावर घेतलं.

मंडळाचे बुवा सत्तरीच्या पुढचे. उभा जन्म गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेलेला. आवाज आता पहिल्यासारखा चढत नसे, पण एखादी ओळ ते अशी खाली आणून ठेवत की टाळकऱ्यांचे हात आपोआप थांबत.

रेकॉर्डिंगच्या रात्री खोली गच्च भरली. एक माइक बुवांपुढे, दुसरा मधोमध. आधी आलेले टाळकरी माइकला खेटूनच बसले. पखवाज कोपऱ्यात, त्यामुळे प्रत्येक भरीव थाप भिंतींत घुमत होती. उकाडा म्हणून पंखा चालू.

"पंखा बंद करू का रं?" बुवांनी विचारलं.

"राहू द्या बुवा. त्याची घरघर नंतर काढता येते."

"टाळ लई जवळ हायत. मागं सरकवू का?"

"नको, उठवाउठव कशाला? नंतर कमी करू."

पखवाजाच्या थापेसरशी पडद्यावर तांबडी खूण चमकत होती. आवाज माइकच्या वाटेने पेलेल त्याहून मोठा येतोय, लाटेचं टोक छाटलं जातंय, असा तिचा अर्थ. तरुणाला तो माहीत होता. तेही नंतर बघू, असं म्हणून तो पुढे गेला.

हे "नंतर" म्हणजे त्याच्या लेखी मास्टरिंग. वेगवेगळे आवाज एकमेकांत बसवणं म्हणजे मिक्सिंग, आणि तयार झालेल्या त्या एकसंध गाण्यावर शेवटचा हात फिरवणं म्हणजे मास्टरिंग. ग्रामोफोनच्या जमान्यात हे काम तबकडी कोरणाऱ्या तंत्रज्ञाकडे असे. खर्जाचा आवाज बेताबाहेर गेला की खाच इतकी वेडीवाकडी पडे की सुई उडून जाई. म्हणून तो गाणं तपासून, गरजेपुरतं सावरून तबकडीवर उतरवी. गाणं बिघडू न देता ऐकणाऱ्याच्या हाती पोचवणं, एवढंच त्या कामाचं मूळ. तरुणाने मात्र त्याच्यावर सगळ्याच चुका धुऊन काढायचं ओझं टाकलं.

मध्यरात्री हेडफोन लावून तो कामाला बसला. पंख्याची घरघर काढायला नॉइज रिडक्शन लावलं. टाळांचा कर्कशपणा मारायला वरचे स्वर कापले. ते कापल्यावर गाणं मंद वाटू लागलं, म्हणून पुन्हा थोडे वाढवले. पखवाजाला आवर घालायला कॉम्प्रेसर, गाणं ऐसपैस वाटावं म्हणून दोन्ही बाजूंना पसरवणारं आणखी एक साधन, आणि सगळ्यांच्या शेवटी लिमिटर. हा लिमिटर ठरलेल्या रेषेपलीकडे आवाज जाऊ देत नाही. मागून रेटा वाढवत गेलं, तर बारीक आवाजही त्या रेषेपर्यंत येऊन टेकतो. बाजारातल्या गाण्यांच्या लाटा पडद्यावर भिंतीसारख्या सपाट दिसतात हे त्याने पाहिलं होतं. आपलीही तशी दिसेपर्यंत तो रेटत राहिला. प्रत्येक रेट्यानिशी गाणं आधीपेक्षा चांगलं वाटे, कारण ते आधीपेक्षा मोठं होई. कानाचा स्वभावच असा की तोच आवाज जरा मोठा केला तर त्याला तो भरदार वाटतो. सगळे अभंग त्याने एकसारखे मोठे केले आणि पहाटे समाधानाने झोपला.

सकाळी देवळाच्या भोंग्यावर पहिला अभंग लागला. टाळ पत्रा बडवल्यासारखे वाजत होते. पखवाजाची थाप पडली की बुवांचा आवाज दबे आणि थापेनंतर धापा टाकत वर येई. भोंगा एकच, त्यामुळे डावी-उजवी बाजू एकमेकांत मिसळली आणि पसरवलेला कोरस अर्ध्याहून अधिक विरून गेला. बुवा पाण्याखालून गातायत असं वाटत होतं. पंख्याबरोबर त्यांच्या आवाजाची कडही गेली होती.

त्याने एक अभंग यूट्यूबवरही चढवला होता. तिथे तर तो इतरांच्या गाण्यांपुढे लहानखुरा वाटला. कारण उघड होतं. एका गाण्यानंतर दुसरं लागताना ऐकणाऱ्याला दचकायला होऊ नये म्हणून अशा सेवा जास्त मोठं गाणं आपणहून खाली आणतात. आवाजाचा सरासरी मोठेपणा लफ्स या एककात मोजतात आणि यूट्यूब, स्पॉटिफायवर तो साधारण उणे १४ च्या आसपास ठेवला जातो. म्हणजे रात्रभर रेटून मिळवलेला मोठेपणा तिथे काढून घेतला गेला, आणि त्यापायी गमावलेला चढउतार काही परत मिळाला नाही. हा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. २००८ साली मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला, तेव्हा तो इतका दाबून मोठा केला होता की गाणी फाटल्यासारखी वाजतात अशी तक्रार त्यांच्या चाहत्यांनीच केली होती.

दुपारी बुवा खोलीवर आले. रागावले नव्हते. म्हणाले, "काल गायलो ते हाय का अजून? हात न लावलेलं?"

तरुणाने मूळ रेकॉर्डिंग लावलं, मग आपलं लावलं.

"असं न्हाय," बुवा म्हणाले. "एक वरडतंय, एक बोलतंय. कान वरडणाऱ्याकडंच जाणार. दोन्ही सारख्या आवाजात लाव."

त्याने मोठं केलेलं गाणं खाली आणून मूळ गाण्याच्या बरोबरीला ठेवलं आणि आलटून पालटून वाजवलं. आता लपायला जागा उरली नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्ये पंखा होता, टाळ बोचत होते, थाप फाटत होती. पण शेवटच्या कडव्याआधी बुवा थांबत होते, श्वास घेत होते आणि ओळ खाली ठेवत होते. त्याच्या गाण्यात तो श्वास गोंगाट म्हणून पुसला गेला होता आणि खाली ठेवलेली ओळ कोरसाइतकीच मोठी झाली होती.

"म्हणजे मास्टरिंगच चुकलं," तरुण म्हणाला.

"ते मला कळत न्हाय. संध्याकाळी गुऱ्हाळावर ये."

गुऱ्हाळावर काहील उकळत होती. चुलवाणात चिपाड पडत होतं. रस तापून वर येऊ लागला तशी बुवांच्या हाताखाली तयार झालेल्या गुळव्याने भेंडीचं पाणी सोडलं. काळपट मळी तरंगून वर आली. ती तो झाऱ्याने काठाकडे ओढून काढत होता. नवी आली की पुन्हा काढत होता. रस स्वच्छ सोनेरी दिसेपर्यंत त्याची नजर हलली नाही. नंतर मात्र बराच वेळ त्याने काही केलं नाही. पाक दाटला, बुडबुडे जड झाले, तेव्हा थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली. गोळी जमली तशी हाक मारली, काहील उतरली, गूळ वाफ्यात पडला.

"शेवटाला त्यानं काय केलं?" बुवांनी विचारलं.

"गोळी बघितली आन् उतरवली."

"मळी तवा काढाय गेला असता तर?"

तरुण गप्प राहिला. पाकात मुरलेली मळी कुठल्या झाऱ्याला लागणार? आणि ती जावी म्हणून जाळ वाढवला असता, तर गूळच करपला असता.

"म्हणून इचारलं व्हतं," बुवा म्हणाले, "पंखा बंद करू का म्हून."

दोन दिवसांनी मंडळ पुन्हा जमलं. या वेळी पंखा बंद होता आणि म्हणून बैठक सकाळच्या गारव्यात. टाळकरी पार दाराशी. पखवाज कोपऱ्यातून बाहेर काढून गोधडीवर ठेवला, तेव्हा त्याची घुमणारी थाप आवरली. तरुणाने आधी सगळ्यांना पूर्ण जोराने गजर करायला लावला. त्यातली सगळ्यात मोठी थापही शून्याच्या रेषेखाली १० डेसिबलवर राहील इतका माइकचा आवाज त्याने कमी केला. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना एवढी मोकळी जागा ठेवली तरी बारीक आवाज हरवत नाही. तांबडी खूण एकदाही दिसली नाही. बुवांची एक ओळ घसरली, तेव्हा ती तिथल्या तिथे पुन्हा गाऊन घेतली. "नंतर" हा शब्द कुणी काढला नाही.

मिक्स झाल्यावर त्याने लगेच पुढचं काम हाती घेतलं नाही. थकलेल्या कानाला वरचे स्वर कमी ऐकू येतात आणि मग माणूस ते वाढवत सुटतो. दोन दिवस त्याने त्या अभंगांना हात लावला नाही. मग सकाळी, बोलण्याच्या पट्टीत आवाज ठेवून ऐकायला बसला. शेजारी भीमसेन जोशींच्या अभंगाचं एक जुनं रेकॉर्डिंग उघडून ठेवलं. तसंच्या तसं करायला नव्हे. आपला कान वाहवत गेला तर परत यायला ठिकाण असावं म्हणून. प्रत्येक वेळी दोन्हींचा आवाज आधी सारखा करायचा, मगच तुलना करायची, हा नेम त्याने मोडला नाही.

करण्यासारखं फार थोडं निघालं. ३० हर्ट्झच्या खाली नुसती गुरगुर होती, ती काढली. टाळ एका पट्टीत किंचित टोचत होते, तिथे दीड डेसिबल कमी केलं. लिमिटर लावला तो सगळ्यात जोरदार थापांपुरता, दोन डेसिबलहून जास्त कुठेही दाबायचं नाही अशा बेताने. वरची रेषा उणे १ डेसिबलवर ठेवली, कारण एमपीथ्री करताना लाटेची टोकं थोडी वर उसळतात. मग तेच अभंग त्याने मोबाइलवर ऐकले, शेजारच्या ट्रॅक्टरच्या टेपवर ऐकले, देवळाच्या एकाच भोंग्यावर ऐकले. एका जागी खटकलं म्हणून तो धावला नाही. सगळीकडे खटकलं तेवढंच बदललं.

शेवटी सगळे अभंग ओळीने लावून तो ऐकत बसला. मास्टरिंगमधलं हे काम पडद्यावर दिसत नाही, म्हणून नवशिका ते विसरतो. पहिला अभंग शांत आहे, तर तो शांतच राहिला पाहिजे. शेवटच्या गजराइतका मोठा करून चालणार नाही. दोन अभंगांमध्ये किती थांबायचं, तेही त्याने बुवांना शेजारी बसवून ठरवलं. बुवा हात वर करत, तिथून पुढचा अभंग सुरू होई.

बीजेला अभंग देवळावर लागले. कुणीतरी म्हणालं, "आवाज जरा बारीक वाटतोय."

"मग वाढवा की," तरुण म्हणाला. भोंग्याचं बटण फिरवलं गेलं आणि आवाज मोठा झाला. त्या वेळी काहीही फाटलं नाही, दबलं नाही. बुवांनी ओळ खाली ठेवली, तेव्हा पारावर बसलेल्यांनी बोलणं थांबवलं.

पुढे गावातली पोरं त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. मास्टरिंगला कोणतं प्लगइन चांगलं, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असे. तो आधी त्यांचं मूळ रेकॉर्डिंग ऐके आणि दोष कुठे शिरला ते शोधी. खोलीत शिरला असेल तर खोलीकडे पाठवी, माइकजवळ शिरला असेल तर माइकजवळ, मिक्समध्ये शिरला असेल तर मिक्सकडे. बऱ्याच पोरांना तिथेच उत्तर मिळे आणि शेवटी करायला फारसं काही उरत नसे.

तात्पर्य: चूक जिथे झाली तिथेच निस्तरावी, ती शेवटच्या हातावर ढकलू नये. आरंभी कसूर न करणाऱ्याचा शेवटचा हात हलका राहतो. आणि शेवटच्या हाताला फार जोर लावावा लागतोय असं दिसलं, तर हट्टाने पुढे रेटू नये. मागे जाऊन काम पुन्हा करावं. त्यात कमीपणा नाही, तोच जवळचा रस्ता असतो.