गरवायला बसलेली माणसं

कोकणात खाडीच्या धक्क्यावर सकाळी गरवायला बसलेली माणसं पाहिलीत? गरीला कोळंबी ओवायची, दोर पाण्यात सोडायचा आणि तर्जनीवर हलका ताणून धरायचा. मासा आमिष झटकन ओढतो, खेकडा नुसता कुरतडतो. बोटाला फरक कळतो. मासळी काय, बाजारातही मिळते, ताजी फडफडीत! तरी ही मंडळी भरतीची वेळ साधून येतात, घरी बोलणी खातात. इंग्लंडात यादवी युद्ध सरल्यावर, १६५३ साली, आयझॅक वॉल्टनने गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं. तिला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हटलं. मला विचाराल तर चिंतन वगैरे नंतर. हातात दोर असला की रिकामं बसल्याचा जाब कुणी विचारत नाही. येणारा-जाणारा फार तर म्हणतो, "काय, गावला काय?"