टॉम हेगन का मेला?

(साहित्य शिकवण्यात हयात घालवलेला मामा आणि चित्रपटांचं संकलन करणारी त्याची भाची.)

मामा : ‘गॉडफादर’च्या तिसऱ्या भागात टॉम हेगन का मेला गं?

भाची : मायकेल साकारणाऱ्या अल पचिनोच्या मानाने रॉबर्ट ड्युव्हॉलला फारच कमी मानधन देऊ केलं होतं. त्याने काम नाकारलं.

मामा : ते ड्युव्हॉलचं झालं. मी टॉमचं विचारतोय. कोर्लिओने घरात वाढलेला अनाथ पोरगा, दोन चित्रपट या घराचं सगळं निस्तरणारा वकील. तो कशाने गेला?

भाची : कथेत त्याचं उत्तर नाही. तो आधीच वारलाय आणि मुलगा पाद्री झालाय, एवढंच कळतं.

मामा : तेच मला सलतं. कथेत जे घडतं ते कथेच्या पोटातून यावं, हे ॲरिस्टॉटलपासून आपण मागत आलोय. करार फिसकटला म्हणून माणूस मरणार असेल, तर प्रेक्षकाने शोक तरी कुणाचा करायचा?

भाची : मग तुझ्या लाडक्या पेंटँजेलीचं काय? 1974च्या दुसऱ्या भागात मायकेलवर उलटणारा जुना साथीदार मुळात क्लेमेंझा असणार होता. पहिल्या भागात क्लेमेंझा झालेल्या रिचर्ड कॅस्टेलानोशी बोलणी जमली नाहीत; का, याच्या हकिगती दोन्हीकडून वेगळ्या ऐकायला मिळतात. शेवटी क्लेमेंझा वारल्याचं सांगून पेंटँजेली हे नवं पात्र आणलं. मायकेल गॅझोला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. सिनेटच्या समितीपुढे बसलेला तो माणूस, सिसिलीहून आणलेला भाऊ नजरेला पडताच कसा खचतो आणि साक्ष फिरवतो! पडद्यामागची बोलणी मोडली नसती तर हा माणूस आपल्याला भेटलाच नसता.

मामा : मान्य. पण गेलं काय, तेही बघ. त्याच चित्रपटात तरुण क्लेमेंझा आहे. तो तरुण व्हिटोला गालिचा चोरायला सोबत नेतो. पहिल्या भागात मायकेलला खुनाचं पिस्तूल दाखवून समजावतो तोही क्लेमेंझाच. बापाला चोरीला नेणारा आणि मुलाच्या हाती पिस्तूल देणारा माणूस शेवटी त्या मुलाविरुद्ध साक्षीला बसला असता! पेंटँजेली कितीही थोर असो, त्याला आपण आधी ओळखत नव्हतो. त्याच्या फितुरीला मागच्या चित्रपटाचं वजन नाही.

भाची : हे मी नाकारत नाही. पण तू झालेल्या चित्रपटाची तुलना न झालेल्याशी करतोयस, आणि न झालेला नेहमीच निर्दोष असतो. माझ्या टेबलावर तो कधी येत नाही. येतं ते चित्रित झालेलं : पावसात अर्धवट राहिलेला प्रसंग, आजारी नटाचा एकच टेक. कथा आधी पूर्ण असते आणि संकटं येऊन ती बिघडवतात, असं मी कधी पाहिलेलं नाही.

मामा : म्हणजे सगळंच खपवून घ्यायचं?

भाची : मुळीच नाही. कॅरी फिशर 27 डिसेंबर 2016ला गेली, तरी 2019च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये तिची लिया आहे. आधीच्या भागातलं न वापरलेलं चित्रीकरण घेऊन, तिने पूर्वीच उच्चारलेल्या वाक्यांभोवती नवे प्रसंग लिहिले. त्यामागची माया मला दिसते. पण उत्तर आधी ठरलंय आणि प्रश्न नंतर बेतलाय, हे प्रत्येक वेळी ऐकू येतं. बिचारी लिया कुणाशीच बोलत नाहीये.

मामा : मग दुसरी नटी घ्यावी. डॉ. लागूंनंतर दत्ता भटांनी ‘नटसम्राट’ केलं, बेलवलकर जिवंत राहिले. रिचर्ड हॅरिस गेल्यावर मायकेल गॅम्बन डंबलडोर झालाच की.

भाची : ‘ब्लॅक पँथर’च्या वेळी अनेक प्रेक्षकांनी नेमकं हेच मागितलं. चॅडविक बोसमन ऑगस्ट 2020मध्ये कर्करोगाने गेला. कृष्णवर्णीय मुलांना इतक्या वर्षांनी पडद्यावर असा राजा मिळाला. तो एका नटाबरोबर का पुरायचा? या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण दिग्दर्शक रायन कूगलरने दुसरा नट घेतला नाही. 2022चा ‘वकांडा फॉरएव्हर’ सुरूच होतो राजाच्या मृत्यूने.

मामा : आणि आजाराचं नावही सांगत नाही. म्हणजे कारण पुन्हा बाहेरचंच!

भाची : कारण बाहेरचं आहे, पण पुढचं बघ ना. एवढी मोठी शास्त्रज्ञ बहीण, शुरी, आणि तिला भावाला वाचवता आलं नाही. तिचा संताप, श्रद्धेवरचा राग, सुडाची ओढ, सगळी कथा त्या अपयशातून उभी राहते. टॉमच्या मृत्यूतून काय उभं राहिलं?

मामा : काही नाही. एक दुसरा वकील आला.

भाची : म्हणूनच मी दोन्ही गोष्टी एका मापाने मोजत नाही. बोसमनच्या मृत्यूपुढे कुणाचंच चालण्यासारखं नव्हतं. ड्युव्हॉलशी मात्र बोलणी चालू होती, समोर माणसं बसली होती, आकडा वाढवता आला असता. तिसरा भाग मायकेल आणि टॉमच्या संघर्षावर रचायचा विचार होता, असं दिग्दर्शक कपोलांनीच पुढे सांगितलंय.

मामा : दोन भाऊच म्हणायचे ते. त्यांचा सामना झाला असता.

भाची : झाला असता. ड्युव्हॉलला त्याचे पैसे द्यायला हवे होते.