म्युनिकनंतरचे राष्ट्राध्यक्ष

२५ जून १९५०, रविवार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन मिझुरीतल्या आपल्या गावाहून घाईने वॉशिंग्टनला निघाले होते. उत्तर कोरियाचे सैन्य ३८ वा अक्षांश ओलांडून दक्षिणेत घुसले होते. त्या विमानप्रवासात मनात काय चालले होते, हे ट्रुमन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्यांना मांचुरिया आठवला, इथिओपिया आठवला, ऑस्ट्रिया आठवला. लोकशाही देशांनी वेळीच अडवले नाही म्हणून आक्रमक शेफारत गेले, हा १९३० च्या दशकाचा सगळा हिशेब त्यांनी कोरियाचा नकाशा समोर येण्याआधीच मांडला होता. वॉशिंग्टनला उतरेपर्यंत त्यांचे मन जवळजवळ ठरले होते.

त्या हिशेबाला पुढे एकच नाव चिकटले : म्युनिक. २९ सप्टेंबर १९३८ रोजी त्या शहरात हिटलर, मुसोलिनी, ब्रिटनचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दालादिए एकत्र बसले आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा प्रदेश जर्मनीला देऊन टाकला. चेंबरलेन लंडनला परतले तेव्हा लोकांनी त्यांचा जयजयकार केला. साडेपाच महिन्यांत जर्मन फौजा प्रागमध्ये होत्या आणि १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला. एका पिढीने त्यातून धडा घेतला, की आक्रमकाला पहिल्याच पावलावर रोखावे, त्याला दिलेली प्रत्येक सवलत पुढच्या मागणीला बळ देते. हिटलरच्या बाबतीत हा धडा अक्षरशः खरा होता. त्याला सुडेटनलँड नको होता, युद्ध हवे होते. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाची पुढची साठ-सत्तर वर्षे समजून घ्यायची, तर एका माणसाबद्दल खरा असलेला हा धडा प्रत्येक शत्रूला कसा लावला गेला, कोणी तो आंधळेपणाने लावला आणि कोणी थांबून विचार केला, हे पाहावे लागते.

ट्रुमन यांचा पहिला निर्णय मला आजही योग्य वाटतो. दक्षिण कोरिया वाचवायलाच हवा होता. चूक झाली ती ऑक्टोबरमध्ये, फौजा विजयाच्या भरात ३८ वा अक्षांश ओलांडून उत्तरेकडे निघाल्या तेव्हा. पेकिंगमधले भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी मध्यरात्री बोलावून घेतले आणि सांगितले, की अमेरिकी सैन्याने ती रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोहोचला. तिथे पणिक्कर चीनधार्जिणे ठरलेले होते, त्यामुळे निरोप्याबरोबर निरोपही झटकून टाकला गेला. नोव्हेंबरअखेर चिनी सैन्याने लाखोंच्या संख्येने हल्ला चढवला. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा सीमा जवळपास होती तिथेच होती, आणि ३६ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले होते. मेलेल्या कोरियन आणि चिनी माणसांची संख्या त्याच्या कितीतरी पट. (या शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांचा अवघड प्रश्न हाताळायला जी भारतीय फौज कोरियात गेली, तिचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. महाराष्ट्राला याची आठवण जितकी असायला हवी तितकी नाही.) म्युनिकच्या धड्याने ट्रुमन यांना कुठे उभे राहायचे हे सांगितले, पण कुठे थांबायचे हे त्यात नव्हते. समोरचा हिटलरच आहे असे एकदा धरले, की त्याचा इशारा ऐकून घेण्याची गरजच उरत नाही.

आयझेनहॉवर यांची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. हिटलरविरुद्ध फौजा चालवलेला हा सेनापती. म्युनिकचा धडा त्यांच्याइतका कोणाला माहीत होता? १९५४ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंच सैन्य अडकले तेव्हा त्यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात हिरोहितो, मुसोलिनी आणि हिटलर यांना वेळीच न रोखल्याची आठवण काढली. धडा त्यांच्या मनात पुरता जागा होता. तरीही त्यांनी सैन्य पाठवले नाही. बरोबर कोण येणार, किती माणसे लागतील, काँग्रेस काय म्हणते, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. लष्करप्रमुख रिजवे यांनी अशा युद्धाची किंमत मांडून दाखवली. ब्रिटनने नकार दिला, आणि नकार देणारे सरकार चर्चिलचे होते. म्युनिकवर ज्याने सर्वांत कठोर टीका केली, त्यालाच इंडोचायना म्हणजे सुडेटनलँड वाटला नाही. ७ मे रोजी दिएन बिएन फू पडले आणि जग बुडाले नाही.

दोन वर्षांनी सुएझचा प्रसंग आला. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना त्यांच्यात मुसोलिनी दिसला. ईडन यांना तो दिसणे समजण्यासारखे आहे. मुसोलिनीशी नमते घेण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९३८ च्या फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते. तेव्हा ते बरोबर होते, आणि त्याच बरोबर असण्याने १९५६ मध्ये त्यांचा घात केला. ईडन यांनी इजिप्तवर हल्ला केला तेव्हा आयझेनहॉवर यांनी जवळच्या मित्रदेशाला साथ द्यायला नकार दिला. पौंड घसरत होता, वॉशिंग्टनचा पाठिंबा मिळेना, आणि ६ नोव्हेंबरला ब्रिटनने गोळीबार थांबवला. अमेरिकेत त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान होते. निवडणुकीच्या तोंडावर मित्रांना अडवण्याचे धाडस फार थोड्या राष्ट्राध्यक्षांनी दाखवले आहे.

केनेडींच्या तर घरातच म्युनिक होते. त्यांचे वडील त्या वेळी लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि चेंबरलेन यांच्या धोरणाचे पाठीराखे. मुलाने हार्वर्डमधला प्रबंध ब्रिटनच्या त्याच बेसावधपणावर लिहिला आणि १९४० मध्ये त्याचे पुस्तक झाले. पुढे १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली. केनेडी बॉम्बफेकीऐवजी नाकेबंदीकडे झुकत होते. १९ ऑक्टोबरच्या बैठकीत हवाई दलाचे प्रमुख कर्टिस लेमे त्यांना तोंडावर म्हणाले, की हे जवळजवळ म्युनिकइतकेच वाईट आहे. ज्याच्या वडिलांवर तो डाग होता, त्याला हे ऐकवले गेले. बैठकीचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. केनेडी त्यात चिडत नाहीत, मागेही हटत नाहीत. त्या वर्षी त्यांनी बार्बरा टकमन यांचे ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ वाचले होते. कोणालाही नको असलेले पहिले महायुद्ध गैरसमज आणि घाईतून कसे पेटत गेले, याचा तो इतिहास. म्हणजे एका इतिहासाच्या शेजारी त्यांनी दुसरा इतिहास ठेवला होता. १९३८ सांगत होते, नमू नका. १९१४ सांगत होते, समोरच्याला कोपऱ्यात कोंडू नका. दोन्ही एकाच वेळी मनात धरल्यामुळे त्यांना वाट सापडली, असे मला वाटते.

पण या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक गंभीर आहे. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत हलवू, असे त्यांनी सांगितले. अट एकच, याची वाच्यता होता कामा नये. त्या रात्री हे फक्त मूठभर सल्लागारांना माहीत होते. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यांत नव्हते. जगाने पाहिले ते एवढेच, की केनेडी ठाम राहिले आणि ख्रुश्चेव्ह माघारी गेले. याहून वाईट म्हणजे, संयुक्त राष्ट्रांतले राजदूत अ‍ॅडलाय स्टीव्हनसन यांनी बैठकीत तुर्कस्तानच्या तळांचा असाच सौदा सुचवला होता, आणि डिसेंबरमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात छापून आले की त्यांना म्युनिक हवे होते. लेखकांपैकी एक केनेडींचा जवळचा मित्र होता. ज्या तडजोडीने जग वाचले, तीच सुचवल्याबद्दल एका सज्जन माणसावर चेंबरलेनचा शिक्का बसला, आणि सत्य ठाऊक असलेले गप्प राहिले. तो करार कसा झाला हे स्पष्टपणे बाहेर यायला १९८९ साल उजाडले. सत्तावीस वर्षे अमेरिकी राजकारण अर्धवट धड्यावर जगले.

या अर्धवट धड्याची किंमत व्हिएतनामने मोजली, असे मी मानतो. १९६५ च्या जुलैत जॉन्सन यांच्यासमोर प्रश्न होता, की मोठे सैन्य पाठवायचे की मार्ग काढायचा. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल जवळजवळ एकटे विरोधात उभे होते. हे युद्ध जिंकता येणार नाही, तोटा आत्ताच स्वीकारा, असे ते सांगत होते. त्याच महिन्यातल्या एका बैठकीत हेन्री कॅबट लॉज यांनी म्युनिकमधल्या निष्क्रियतेची आठवण काढली. २८ जुलैला जॉन्सन यांनी पत्रकारांसमोर व्हिएतनाममधले सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचे जाहीर केले आणि कारण देताना हिटलर आणि म्युनिकचेच नाव घेतले. हो ची मिन्ह हिटलर होते का? त्यांना हनोईपासून पॅरिसपर्यंत युरोप जिंकायचा होता का? हा प्रश्न त्या खोलीत कोणी नीट विचारल्याचे दिसत नाही. क्युबाचा पेच सौद्याने सुटला, हे जॉन्सन यांना ठाऊक असते तर त्यांनी वेगळे केले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आधीच्या राष्ट्राध्यक्षाने ‘न नमता जिंकून दाखवले’ हे ओझे त्यांच्या खांद्यावर होते, आणि ते खरे नव्हते. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि कित्येक लाख व्हिएतनामी माणसे या युद्धात मेली.

त्यानंतर अभ्यासक जागे झाले. हार्वर्डचे अर्नेस्ट मे यांनी १९७३ मध्ये राज्यकर्ते इतिहास किती ढिलाईने वापरतात यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. १९८६ मध्ये रिचर्ड न्यूस्टाट यांच्याबरोबर त्यांनी एक पद्धतही सुचवली : आजचा प्रसंग आणि जुना प्रसंग शेजारी मांडा, साम्ये लिहा, मग फरक लिहा, आणि निर्णय त्यानंतर घ्या. इतकी साधी गोष्ट, पण संकटाच्या रात्री साम्येच तेवढी दिसतात.

रेगन यांच्याबद्दल माझे मत एरवी फारसे अनुकूल नाही. पण ८ डिसेंबर १९८७ ला गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर त्यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला तेव्हा त्यांच्याच बाजूच्या कडव्या लोकांनी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन त्यांची तुलना चेंबरलेनशी केली. रेगन यांनी पर्वा केली नाही. समोरचा माणूस बदलला आहे हे त्यांनी ओळखले होते. त्या करारान्वये २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये कुवेतवरचा हल्ला पाहून पुन्हा १९३० च्या दशकाचे नाव घेतले, पण कुवेत मुक्त होताच युद्ध थांबवले. धाकट्या बुश यांनी मार्च २००३ मध्ये इराकला निर्वाणीचा इशारा देताना गेल्या शतकातल्या हुकूमशहांचे लाड झाल्याची आठवण करून दिली आणि बगदादपर्यंत गेले. धडा एकच, घराणेही एकच. एकाने त्याला मर्यादा घातली, दुसऱ्याने नाही.

या सगळ्या काळात म्युनिकमधली एक गोष्ट मात्र फार कमी राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी आली. सगळ्यांनी चेंबरलेन यांचा नमतेपणा आठवला. ज्यांचा देश तोडला जात होता ते त्या टेबलाशी नव्हतेच, हे मागे पडले. चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी म्युनिकमध्ये आले होते, पण त्यांना हॉटेलात थांबवून ठेवले गेले आणि मध्यरात्रीनंतर निर्णय ऐकवला गेला. माझ्या लेखी म्युनिकचे पाप मुख्यतः हे आहे. तडजोड स्वतःच्या हक्काची असती तर तिच्यावर वाद घालता आला असता. चेंबरलेन दुसऱ्याचे घर देत होते.

हे एकदा लक्षात आले की बाकीचा इतिहासही वेगळा दिसतो. १९६२ च्या सौद्यात तुर्कस्तानला विचारले गेले नव्हते, आणि ख्रुश्चेव्ह यांनी कॅस्ट्रोंना. कॅस्ट्रो संतापले ते उगीच नव्हे. किसिंजर यांनी पॅरिसमध्ये उत्तर व्हिएतनामच्या ले दुक थो यांच्याशी गुप्तपणे मसुदा ठरवला आणि दक्षिणेचे अध्यक्ष थिऊ यांच्यापुढे तो १९७२ च्या ऑक्टोबरात आणून ठेवला. थिऊ यांनी कडाडून विरोध केला, तरी जानेवारी १९७३ मध्ये सह्या झाल्याच. ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडले. २९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये अमेरिकेने तालिबानशी करार केला, तेव्हा काबूलचे सरकार त्या कराराचा भाग नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडले. पॅरिस आणि दोहाच्या या दोन्ही करारांना शांततेचे नाव होते. व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानातून अमेरिकेने बाहेर पडायला हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांच्या भरवशावर माणसे उभी राहिली त्यांना बाहेर बसवून केलेली सुटका टिकली नाही, आणि मागे राहिलेल्यांना तिने काहीच दिले नाही. काबूलच्या विमानतळावर विमानाच्या कडेने धावणारी माणसे साऱ्या जगाने पाहिली.

१८ फेब्रुवारी २०२५ ला रियाधमध्ये अमेरिका आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री युक्रेन युद्धावर बोलायला बसले. युक्रेनचा कोणीही तिथे नव्हता. त्याआधीच्या आठवड्याअखेर म्युनिक शहरातच वार्षिक सुरक्षा परिषद भरली होती आणि १९३८ ची चर्चा युरोपभर सुरू होती. ती चर्चा बहुतेक करून पुतिन हिटलर आहेत का आणि ट्रम्प चेंबरलेन आहेत का, याभोवती फिरत राहिली. मला त्या दोन्ही प्रश्नांपेक्षा झेलेन्स्की यांचे म्हणणे मोलाचे वाटते. युक्रेनबद्दलचा निर्णय युक्रेनला वगळून होऊ शकत नाही, असे ते सांगत होते, आणि नियोजित सौदी दौरा त्यांनी पुढे ढकलला. तीन आठवड्यांनी, ११ मार्चला, जेद्दामध्ये अमेरिकेचे आणि युक्रेनचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. १९३८ मध्ये प्रागच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते.